१९१६ ला फोन लावण्याआधी: पाणी, गटार, दिवा, झाड, कुणाचं काय ते ओळखायचं कसं

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "गेटबाहेरचा दिवा तीन दिवस बंद आहे, बीएमसी झोपलीय का?" खाली पटापट अंगठे, दोन-चार लालबुंद चेहरे, एक काका तर विषय थेट इंग्रजांच्या काळात घेऊन गेले. मी विचारलं १९१६ वर, म्हणजे पालिकेच्या हेल्पलाइनवर, तक्रार कुणी केलीय का, तर ग्रुपवर एकदम सामसूम. आणि गंमत म्हणजे रस्त्यावरचा दिवा दुरुस्त करायला बीएमसीचा माणूस येतच नाही, वीज कंपनीचा येतो, म्हणजे शिव्यासुद्धा चुकीच्या पत्त्यावर गेल्या.

मी आमच्या कमिटीत "पाण्याचं बघणारी" आहे. सुरुवात पाण्याने झाली आणि आता गटार, झाड, उंदीर, फुटपाथ, सगळं माझ्याच दारात येऊन बसतं. इतकी वर्षं वॉर्ड ऑफिसच्या जिन्यांवर चढउतार करून एक गोष्ट पक्की कळलीय की मुंबईत काम अडतं ते बऱ्याचदा माणूस काम करत नाही म्हणून नाही, तर आपण भलत्याच माणसाच्या मागे लागलेलो असतो म्हणून. हद्द कुठे संपते आणि कुणाची सुरू होते हे आधी बघायचं, फोन नंतर.

सगळ्यात आधी आपला वॉर्ड. खूप लोकांना नगरसेवकाच्या प्रभागाचा नंबर माहीत असतो पण वॉर्डचं अक्षर माहीत नसतं, आणि ऑफिसात विचारतात ते अक्षर. ए वॉर्ड म्हणजे फोर्ट-कुलाबा, दादर-माहीम-धारावी म्हणजे जी उत्तर, कुर्ला एल, घाटकोपर एन, भांडुप एस, मुलुंड टी, अशी मधली काही अक्षरं गाळून यादी आहे. पाण्याच्या बिलावर वॉर्ड आणि सीसीएन, म्हणजे आपल्या पाण्याच्या कनेक्शनचा नंबर, दोन्ही असतात, त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, अक्षरशः दर दुसऱ्या वेळी लागतो. वॉर्ड ऑफिस म्हणजे एकच ऑफिस असं समजू नका, आत सगळे वेगवेगळे संसार आहेत, पाण्याला जलकामे, कचऱ्याला घनकचरा, छोटे रस्ते-फुटपाथ-बारीक गटारं परिरक्षण म्हणजे आपलं मेंटेनन्स, झाडांना उद्यान खातं, डास-उंदरांना कीटकनाशक. पाण्याची तक्रार घेऊन मेंटेनन्सच्या टेबलावर गेलात तर तो भला माणूस असेल तर वरच्या मजल्यावर पाठवेल, नसेल तर अर्ज ठेवून घेईल आणि मग तो अर्ज तिथेच म्हातारा होईल.

आता पाणी, कारण सगळ्यात जास्त भांडणं त्याचीच.

मुंबईला पाणी सात तलावांतून येतं, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. यातले विहार आणि तुळशी तेवढे शहरात, नॅशनल पार्कच्या बाजूला, बाकीचं सगळं लांबून पाइपाने आणि बोगद्याने येतं, भांडुप आणि पांजरापूरला साफ होतं, मग ठिकठिकाणच्या टेकड्यांवरच्या मोठ्या टाक्यांत जातं, मलबार हिलचं हँगिंग गार्डन आहे ना, त्याच्या पोटात अशीच टाकी आहे. सातही तलाव काठोकाठ भरले की साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर साठा होतो आणि शहराला रोज ३,९०० च्या आसपास दशलक्ष लिटर दिलं जातं, भागाकार करून बघा, जेमतेम वर्षाची बेगमी. म्हणून पाऊस लांबला की दहा टक्के कपातीची बातमी येते, आणि ती आली असेल तर कमी प्रेशरची तक्रार करून काही हाती लागत नाही हे मी अनुभवाने सांगते.

बहुतेक ठिकाणी पाणी चोवीस तास नसतं, एरियाप्रमाणे ठरलेल्या वेळेला सोडतात. ते सोडणारा माणूस म्हणजे चावीवाला. रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो आणि तो हातातल्या लांब टी सारख्या चावीने फिरवून पाणी या गल्लीला देतो, मग पुढच्या गल्लीला. या माणसाशी ओळख ठेवा हो. लाच वगैरे काही नाही, नुसती ओळख, पहाटेचा चहा. कारण पाणी कमी का आलं हे इंजिनिअरला कळायच्या आधी त्याला माहीत असतं.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी पिवळट पाणी यायला लागलं, वासही येत होता, एका घरात पोरं आजारी पडली आणि सगळे म्हणाले मोर्चा काढू. मी म्हटलं मोर्चा नंतर काढू, आधी पहाटे उठू. पाच वाजता पाणी आलं तेव्हा तीन स्वच्छ, रिकाम्या बाटल्या घेतल्या, त्यावर मार्करने एक, दोन, तीन लिहिलं. पहिली भरली मीटरजवळच्या नळाला, म्हणजे जिथून पाणी सोसायटीत शिरतं तिथे, आमच्या टाकीत जायच्या आधी. दुसरी खालच्या सक्शन टाकीतून. तिसरी चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून. तिन्ही वॉचमनच्या टेबलावर ट्यूबलाइटखाली ओळीने ठेवल्या. पहिली काचेसारखी स्वच्छ, दुसरी गढूळ, तिसरी तशीच. चावीवाले दादा तिथेच उभे होते, म्हणाले, "ताई, मी तर चावी पूर्ण सोडलीय, पाणी चांगलंच येतंय, तुमच्या टाकीला भेग बघा." टाकी उपसली तर खरंच कोपऱ्यात भेग, आणि त्याच कोपऱ्याला लागून आमच्याच सोसायटीची ड्रेनेजची लाइन. मोर्चा काढला असता तर आमच्याच गेटवर काढावा लागला असता.

तर हे लक्षात ठेवा, तीन बाटल्यांचा हा प्रयोग कुणीही करू शकतं आणि वॉर्ड ऑफिसात जाण्याआधी करायचाच. मीटरलाच पाणी घाण असेल तर ती पालिकेची बाजू, तेव्हा मात्र सोडायचं नाही. लगेच १९१६ वर दूषित पाणी म्हणून नोंदवायचं, "दूषित" हा शब्द वापरा, "पाणी बरोबर नाही" असं मोघम नको, आणि सॅम्पल घ्यायला माणूस पाठवा म्हणून सांगायचं. ते येऊन पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते बघतात आणि नमुना लॅबला जातो. अजून एक, शेजारच्या दोन बिल्डिंगमध्ये विचारा, त्यांच्याकडेही घाण येत असेल तर मेन लाइनचा प्रॉब्लेम, फक्त तुमच्याकडे असेल तर मेनपासून तुमच्या मीटरपर्यंत येणारी लाइन गंजलेली असू शकते. अशी जुनी लाइन बदलायला पालिका सोसायटीलाच सांगते, लायसन्सवाल्या प्लंबरकडून, आणि त्याचा खर्च आपल्या माथी. आधीच माहीत असलं की मीटिंगमध्ये धक्का कमी बसतो.

पाणी सुरू झाल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ आणि मग स्वच्छ होत असेल तर त्याचं कारण वेगळं. पाणी बंद असताना पाइप रिकामा असतो, कुठे बारीक गळती असेल तर आजूबाजूचं गटाराचं पाणी त्यातून आत झिरपतं, आणि पाणी सुटल्यावर पहिला लोट ते सगळं घेऊन येतो. तो लोट टाकीत जाऊ देऊ नका, वॉचमनला सांगून ठेवा की आधी बादलीत धरून बघायचं आणि मग टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा. गळती सापडेपर्यंत पाणी उकळून प्यायचं, फिल्टर असला तरी.

रस्त्यावर पाणी वाहताना दिसलं तर ते गळतीचं की गटाराचं? सोप्पं आहे, पाण्याच्या वेळेला वाढतं आणि वेळ संपली की ओसरतं ते पिण्याच्या लाइनचं. दिवसभर सारखंच आणि वास, तर ड्रेनेज. हे फोनवर सांगितलंत तर बरोबर माणूस पहिल्याच फेरीत येतो.

आता गटार. इथे तर लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ, कारण मराठीत आपण सगळ्यालाच गटार म्हणतो. संडास-बाथरूमचं पाणी जाणारी लाइन म्हणजे मलनिःसारण, पावसाचं पाणी जाणारी ती पर्जन्य जलवाहिनी, खाती वेगळी, माणसं वेगळी, गाड्या वेगळ्या. रस्त्याच्या कडेला जी जाळी असते, पाणी आत जायला, तिला पालिकेचे लोक वॉटर एंट्रन्स म्हणतात, हा शब्द तक्रारीत लिहिलात तर इंजिनिअर दोन मिनिटं तुमच्याकडे आदराने बघतो. जुन्या चाळींच्या मधे जी बोळ असते ती हाऊस गल्ली, तिची सफाई घनकचऱ्याकडे.

चोकअप झालं की आधी कंपाऊंडच्या आतली चेंबरं बघायची. आतली कोरडी असतील आणि शेवटचं, गेटजवळचं तुंबलेलं असेल तर अडथळा बाहेर आहे, पालिकेला बोलवा, त्यांच्याकडे जेटिंगची आणि सक्शनची गाडी असते. आतलंच तुंबलं असेल तर खर्च आपला. आणि हे मी जरा ठामपणे सांगणार आहे, कुणी "पाचशे रुपये द्या, माणूस उतरवतो" म्हणाला तरी माणूस आत उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे, गटारातल्या वायूने माणूस मिनिटात जातो, आणि मग सेक्रेटरी पोलीस स्टेशनात बसतो. ते तर सोडाच, एका माणसाचा जीव तुमच्या चोकअपपेक्षा स्वस्त आहे का?

पावसात पाणी साचलं म्हणून मॅनहोलचं झाकण काढू नका, हेही तितकंच. २९ ऑगस्ट २०१७ ला तुफान पाऊस झाला तेव्हा एल्फिन्स्टनला एक नामवंत डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. कुणीतरी पाणी उतरावं म्हणून झाकण उघडलं असणार, हेतू चांगलाच असतो, पण गुडघाभर पाण्यात ते भोक कुणाला दिसतं? पाणी साचायचं कारण बऱ्याचदा तुमच्या गल्लीत नसतंच. समुद्राला मोठी भरती असली की नाल्यांचं पाणी बाहेर जातच नाही, उलट समुद्र आत येऊ बघतो, म्हणून हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध अशी पंपिंग स्टेशनं बांधलीत, पाणी उपसून समुद्रात टाकायला. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती कधी आहे ते पेपरात येतं, ते फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि त्या वेळेला गाडी सखल भागात लावू नका, बस.

झाकण तुटलेलं किंवा गायब असेल तर ती मात्र तातडीची तक्रार. तक्रार लिहायची कशी हे इथेच सांगते. आमच्या एका मेंबरने लिहिलं होतं, "मार्केटजवळ मॅनहोल उघडं आहे, कृपया लक्ष द्यावे." मार्केट केवढं, मॅनहोल किती! दोन दिवसांनी स्टेटस आलं, "जागेवर आढळले नाही, तक्रार बंद." मग मी लिहिलं, अमुक रोड, अमुक शाळेच्या मागच्या गेटसमोर, रिक्षा स्टँडच्या खांबापासून चार पावलांवर, गोल झाकण अर्धं तुटलंय, आत संरक्षक जाळी नाही, शाळा साडेबाराला सुटते. फोटो दोन, एक जवळून, एक लांबून ज्यात दुकानाची पाटी दिसते. संध्याकाळी बॅरिकेड लागलं, दुसऱ्या दिवशी झाकण. पालिकेत कुणी जादू केली नाही, फक्त त्या माणसाला जागा सापडली.

१९१६ वर, पालिकेच्या ॲपवर किंवा ८९९९२२८९९९ या व्हॉट्सॲप चॅटबॉटवर, कुठेही केलंत तरी तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. नंबर नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. आणि एकाच गोष्टीची तक्रार ग्रुपमधल्या तीस जणांनी वेगवेगळ्या शब्दांत करू नका, तीन जागा तयार होतात आणि माणूस तिसऱ्याच ठिकाणी जातो. एकाने नीट करायची, नंबर ग्रुपवर टाकायचा.

दिव्याचं परत घेऊया. माझं माहेर माहीमचं, तिकडे रस्त्याचे दिवे बेस्ट बघते, कारण कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वीज बेस्टची. उपनगरात बहुतेक अदानी, भांडुप-मुलुंडच्या बाजूला महावितरण. खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो वाचा, फोटो काढा, तुमच्या वीज बिलावरच्या नंबरवर सांगा. खांब नंबर असला की अर्धं काम झालं. केबल लोंबत असेल, फिडर पिलरचं, म्हणजे रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीचं, दार उघडं असेल, पावसाळ्यात खांबाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याला हात न लावता, पोरांना लांब करून लगेच फोन.

रस्ते-खड्डे मी पटकन उरकते कारण त्यावर सगळी मुंबईच पीएचडी आहे. फक्त बघा की रस्ता पालिकेचाच आहे ना. म्हाडा वसाहतीतले आतले रस्ते, मुंबई पोर्टची हद्द, रेल्वेची हद्द, बिल्डरचा खासगी लेआउट, यात पालिका हात वर करते आणि ते चुकीचं नसतं. ईस्टर्न-वेस्टर्न एक्सप्रेस हायवे आधी एमएमआरडीएकडे होते, २०२२ मध्ये पालिकेकडे आले. नवीन रस्ता वर्षभरात उखडला तर "हा रस्ता हमी कालावधीत आहे का" एवढा एकच प्रश्न लेखी विचारा, कारण त्या काळात दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने करायची असते. आणि खोदून कुणी ठेवलाय ते बघा, गॅसवाले, केबलवाले, वीजवाले, परवानगीचा बोर्ड तिथे लावलेला असायला हवा, त्याचा फोटो म्हणजे अर्धा पुरावा.

गॅसचा वास आला तर मात्र हे सगळं पुराण विसरायचं. व्हॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या, लाइटचं बटण चालू नाही आणि बंदही नाही, बाहेर येऊन बिलावरचा इमर्जन्सी नंबर. तो नंबर आत्ताच सेव्ह करा, तेव्हा बिल शोधत बसाल.

झाडांबद्दल लोक फार चुकतात. रस्त्यावरचं झाड पालिका छाटते, सोसायटीच्या आवारातलं झाड आपण छाटायचं पण परवानगी वॉर्डच्या उद्यान खात्याची, १९७५ चा झाडांचा कायदा आहे आणि "माळ्याला सांगून चार फांद्या उडवल्या" याला तिथे माफी नाही. अर्ज मार्चमध्ये टाका. मे महिन्यात सगळी मुंबई अर्ज घेऊन उभी असते आणि जूनमध्ये फांदी कुणाच्या तरी गाडीवर. कीटकनाशकवाले टाक्या तपासायला आले की कटकट करू नका, टाकीला घट्ट झाकण आणि वर चढायला शिडी हवी असा नियम आहे, नसेल तर नोटीस सोसायटीच्या नावाने येते, डासाच्या नाही.

एवढं करूनही काही हललं नाही तर? तक्रार नंबर लिहून साधं अर्ध्या पानाचं पत्र करा, मराठीत, सोसायटीच्या लेटरहेडवर, दोन प्रती. वॉर्ड ऑफिसच्या आवक टेबलावर एक द्या आणि दुसरीवर शिक्का-तारीख मारून पोच घ्या. पोच हा शब्द विसरू नका. मग संबंधित जेईला, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअरला, भेटा, सकाळी तो साइटवर असतो, म्हणून दुपारनंतर जा. आवाज चढवू नका, त्याच्याकडे अशीच शंभर पत्रं आहेत आणि माणसं कमी, हे मी त्यांची बाजू घ्यायला नाही सांगत, कामाचं म्हणून सांगते. मी एकदा भांडले होते, पत्र तीन आठवडे "साहेबांच्या सहीला" होतं. पुढच्या वेळी नकाशा हाताने काढून नेला, जेई स्वतः खाली उतरून आला. जेईनंतर सहाय्यक अभियंता, त्यानंतर सहाय्यक आयुक्त म्हणजे वॉर्ड ऑफिसर, पायरी सोडून वर गेलात तर पत्र तिथून परत खालीच येतं, फक्त आठ दिवस उशिरा.

नगरसेवक कामाचे असतातच, पण मार्च २०२२ नंतर बरीच वर्षं पालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, आणि तेव्हा ज्या सोसायट्यांकडे पोचपावत्यांची फाइल होती त्यांचीच कामं पुढे सरकली, निदान आमच्या आसपास तरी. शेवटचं हत्यार माहिती अधिकार, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. त्यात "काम का केलं नाही" असं विचारायचं नाही, त्याला गोल गोल उत्तर येतं. विचारायचं, "तक्रार क्रमांक अमुक, यावर केलेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्यावी." आमच्या फुटपाथच्या बाबतीत उत्तर यायच्या आधीच पेव्हर ब्लॉक बसले. त्यातले दोन उलटे बसलेत, पण त्याची तक्रार पावसाळ्यानंतर करणार आहे.